केसच तर आहेत, असं मी म्हणणार नाही

प्रिय मित्रा,

2025 च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या तुमच्या गावांची बातमी टीव्हीवर लागली, तेव्हा मी जेवायला बसलो होतो. कुणीतरी डोक्यावरून नुसता हात फिरवला आणि मूठभर केस हातात आले. तू त्यांच्या मागे उभा होतास, दुपट्टा कानांवरून घट्ट बांधलेला. कॅमेरा तुझ्याकडे वळला आणि तू पाठ फिरवलीस. तुझं नाव मला ठाऊक नाही. माझ्या मुलाएवढा दिसलास, म्हणून एकेरी लिहितो.

पुढचं सगळं मी वाचत गेलो. आधी डोक्याला खाज, मग तीन-चार दिवसांत टक्कल. आपला खारपाणपट्टा, म्हणून पहिला संशय पाण्यावर गेला. मग आयसीएमआरचं पथक आलं, रक्ताचे नमुने गेले, रक्तात सेलेनियम वाढलेलं निघालं. डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. पाणी तपासलं, रक्त तपासलं, गहू तपासला. तुला झोप लागते का, हे कुणी विचारल्याचं मात्र माझ्या वाचनात आलं नाही. सोयरिकी अडल्या, पोरं शाळा-कॉलेजात जाईनात, हे बातमीच्या शेवटी एखाद्या ओळीत असायचं. मला तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटायची.

माझे केस चोविसाव्या वर्षी जायला लागले. तुझ्यासारखे आठवड्यात नाही, सहा-सात वर्षं लागली. माझ्यात ते वारशानं आलं. पुरुषाच्या शरीरातल्या टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं द्रव्य बनतं, आणि ज्यांच्या केसांची मुळं त्याला बळी पडणारी असतात त्यांचे केस बारीक होत होत दिसेनासे होतात. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शास्त्रज्ञानं 1942 मध्येच दाखवलं होतं, की वयात येण्याआधी वृषण काढलेल्या पुरुषांना असं टक्कल पडत नाही. म्हणजे मी काही चुकीचं खाल्लं नव्हतं, की कुठलं तेल लावायचं राहून गेलं नव्हतं. हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर दोन वर्षांचा कांद्याचा रस आणि माक्याचं तेल वाचलं असतं. पैशाचं जाऊ दे. प्रत्येक नव्या बाटलीबरोबर महिनाभर आशा यायची आणि ती संपली की मी आधीपेक्षा खाली गेलेला असायचो.

आमच्या गल्लीतला न्हावी कटिंग झाली की मागे छोटा आरसा धरून दाखवायचा. एकदा त्यानं तो धरला नाही. कापड झटकलं, खांद्यावरून ब्रश फिरवला, पैसे घेतले. त्यानं माझ्यावर माया केली होती, हे आज कळतं. त्या दिवशी मात्र मी सायकल हातात धरून चालत घरी आलो, आणि पुढे कित्येक महिने दुकानात किंवा बसमध्ये माझ्यामागे कुणी उभं राहू नये, एवढंच बघत राहिलो. भांग आणखी खाली न्यायचा. ट्यूबलाइटखाली बसायचं नाही. स्थळासाठी फोटो द्यायचा तो जुनाच, आणि मग मुलगी बघायला गेलं की दारातच समोरच्यांच्या नजरेत तो जुना फोटो दिसायचा.

घरचे म्हणायचे, केसच तर आहेत. जीव लावणारी माणसंच हे म्हणतात, म्हणून त्याला उत्तर देता येत नाही. आरशात रोज जो दिसतो त्याच्याशी माणसाची ओळख असते. तो हळूहळू वेगळा होत जातो, आणि बाईसारखं रडायचं नाही असं लहानपणापासून शिकवलेलं असल्यानं पुरुष हे बोलत नाही. तो टोपी घालतो.

वडील गेले तेव्हा दहाव्याला गांधीग्रामला पूर्णेच्या काठी आम्ही तिघा भावांनी मुंडण केलं. मोठ्याचे दाट केस दगडावर ढिगानं पडले. माझ्या कानांमागचे तेवढे निघाले, दोन मिनिटांत काम झालं. तेरवीपर्यंत आम्ही तिघं सारखे होतो. भेटायला येणारा कुणी माझ्या डोक्याकडे बघत नव्हता. बाप गेल्याच्या दुःखात मला तेवढंच हलकं वाटत होतं, आणि तसं वाटतंय याची भयंकर लाज वाटत होती. दीड-दोन महिन्यांनी भावांचे केस आले. हे मी बायकोलाही बऱ्याच वर्षांनी सांगितलं.

तुमच्याकडच्या बऱ्याच जणांचे केस परत आल्याचं वाचलं. तुझेही आले असावेत. तरी सकाळी डोळे उघडले की आधी उशीकडे बघतोस का? अंगावरून पाणी घेताना हात डोक्याशी थांबतो का? तसं होत असेल तर ते वेड नाही. जे एकदा मुठीत आलं, ते हाताला आठवतं. घरात एकाला तरी हे सांग. झोप उडाली असेल, कॉलेज सुटलं असेल, तर डॉक्टरांना केसांबरोबर तेही सांग. ऐकून घेतलं नाही, तर दुसऱ्या डॉक्टरांना सांग.

माझा पत्ता संपादकांकडे ठेवला आहे. शेगावहून अकोला गाडीनं तासाभराच्या आत. कधी आलास तर घरी ये. दुपट्टा बांधून आलास तरी चालेल.

तुझा,
अकोल्याचा एक काका