खाडीपलीकडचं गाणं

वाशी, शनिवार

ती. अण्णांना शि. सा. नमस्कार.

सुखरूप पोचले. मिरजेहून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं निघून ठाण्याला उतरले आणि ट्रान्स-हार्बरची लोकल धरली. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे अशी स्टेशनं भराभर मागे पडत गेली. डाव्या हाताला पारसिकचा डोंगर आणि एमआयडीसीचे कारखाने, उजव्या हाताला इमारतींच्या रांगा. मावशी स्टेशनवर आली होती. आईनं दिलेलं मेतकूट पोचतं केलं, तिला सांगा.

निघताना तुम्ही म्हणाला होतात, "सरकारनं पट्टी लावून आखलेल्या गावात गाणं कसलं ऐकणार? त्यापेक्षा पार्ल्याला जा, दादरला जा." पट्टी लावली होती हे खरंच. १९६५ साली चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांनी 'मार्ग' मासिकातून खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली. ते शहर उभारणारी सिडको स्थापन झाली १७ मार्च १९७०ला. सेक्टर, बाजार, शाळा, स्टेशनं, सगळं आधी कागदावर आलं. त्या कागदावरून उतरलेल्या शहरात लोक संध्याकाळी काय वाजवतात नि काय गातात, तेच मला ऐकायचंय.

आल्या आल्या पहिली भेट आपल्या माणसाशीच झाली. बस डेपोजवळ महापालिकेचं नाट्यगृह आहे, त्याला नाव विष्णुदास भाव्यांचं! १८४३ साली चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, त्या दिवसाची आठवण म्हणून आपण ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन करतो. त्यांचं नाव खाडीकाठी, सेक्टर सोळा-एमध्ये वाचताना ऊर भरून आला.

आज तिथं नाटक पाहिलं. नाट्यगृह जवळजवळ भरलेलं. माझ्या रांगेत डोंबिवली सोडून सीवूड्सला राहायला आलेलं जोडपं, मागे पनवेलहून गाडी करून आलेल्या बायका. मध्यंतरात वडा खाताना जो तो दुसऱ्याला विचारत होता, "पार्किंग मिळालं का?" प्रयोग संपल्यावर थोडी रेंगाळले. पडदा पडून पंधरा मिनिटं झाली नसतील, तोच मागच्या दारी ट्रकमध्ये सेट चढू लागला. नाटक मुंबईहून येतं आणि रातोरात मुंबईला परत जातं. प्रेक्षक इथला, नाटक पाहुणं.

वाशी स्टेशनजवळ आणखी एक नवल पाहिलं. आसाम, केरळ, ओडिशा, उत्तराखंड, एकेका राज्याची अतिथिगृहं इथं शेजारी शेजारी उभी आहेत. त्या त्या मुलखातली माणसं शहरभर पसरली आहेत आणि जो तो आपलं वाद्य बरोबर घेऊन आला आहे. शारदीय नवरात्रात बंगाल्यांचा ढाक, अय्यप्पाच्या देवळात मल्याळी चेंडा. मावशीच्या मजल्यावर एक तमिळ आजी सकाळी मुलींना कर्नाटक संगीतातलं वर्णम शिकवतात. मावशीचा कुकर त्याच सुमारास शिट्ट्या देतो. आजींची कधी तक्रार नाही.

कोपरखैरणे, मंगळवार

ती. अण्णा,

आज आपल्या मुलखात जाऊन आले म्हणा ना! वाशी-तुर्भ्याच्या घाऊक बाजारात मसाला, धान्य, कांदा-बटाटा, भाजी नि फळं उतरवणारे माथाडी बहुतेक सातारा-सांगलीकडचे. पाटण, जावळी, शिराळा हीच गावं पुन्हा पुन्हा कानावर येतात. अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली, १९६९ साली माथाडी कायदा झाला, आणि बाजार मुंबईतून इकडे हलला तसे हमालही इकडे आले. कोपरखैरण्यात त्यांच्या वसाहती आहेत.

तळमजल्यावरच्या एका खोलीत रात्री नऊला भजन सुरू झालं. पेटी, पखवाज, टाळ. माणसं दहा-बारा, खोली इतकी लहान की टाळकऱ्यांचे गुडघे एकमेकांना लागत होते. पखवाज पंढरपूरहून आणलेला. वाजवणाऱ्यानं वाटीत कणीक मळली, धुमेवर गोल थापली, बोटानं कडा काढल्या, थाप मारून ऐकली, पुन्हा चिमूटभर काढून टाकली. "गहू धान्य बाजारातलाच," तो म्हणाला. दिवसभर त्याच गव्हाची पोती त्यानं पाठीवरून उतरवली असणार. पहिला अभंग विलंबितात चालला आणि शेवटाला टाळ इतके चढले की खिडकीच्या काचा थरथरल्या.

त्यांच्यातला एक निवृत्त मुकादम मिरजेचा उरूस करून येणारा निघाला. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीचं गाणं चिंचेखाली रात्रभर कसं चालतं, ते त्यानं मलाच रंगवून सांगितलं. मी आपली मुकाट ऐकत राहिले. शास्त्रीय त्याला कळत नाही म्हणाला. पण किराण्याचा स्वर लागला की उठवत नाही.

या भजनाची जाहिरात नाही, तिकीट नाही. शेजारच्या खोलीतलं पोर परीक्षेचा अभ्यास करत होतं, म्हणून साडेदहाच्या आत आवरलं.

पनवेल, शुक्रवार

ती. अण्णा,

नेरूळ, बेलापूर करत पनवेलला आले. नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियम बाहेरून पाहिलं. २००८ साली बांधून झालं तेव्हा क्रिकेटसाठी, आणि त्याच वर्षी पहिल्या आयपीएलची अंतिम लढत तिथं झाली. पुढे गाणारेही येऊ लागले. २०१७ला जस्टिन बीबर, २०१९च्या डिसेंबरात यू-टू, आणि जानेवारी २०२५मध्ये कोल्डप्ले, १८, १९ आणि २१ तारखेला. तेव्हा गोरेगावहून नेरूळपर्यंत खास लोकल सोडली होती. मावशीची नात त्या गर्दीत होती. तिच्या हाताला बांधलेली, दिवे लागणारी पट्टी परत घेतली, याचं तिला अजून वाईट वाटतं. माझ्या मनात दुसरीच गोष्ट राहिली. जाहिरातीत, बातम्यांत जास्त करून 'मुंबई'. ज्या नेरूळच्या रस्त्यांनी ती गर्दी पेलली, त्याचं नाव फारसं कुणाच्या तोंडी आलं नाही.

बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्येही शिरून आले. कोरियांनी १९८०च्या दशकात आखलेली वस्ती. सात-सात घरांच्या मध्ये एक लहान चौक, आणि दोन घरांना सामाईक भिंत नाही, म्हणजे पुढे ज्याला त्याला ऐपतीप्रमाणे वाढवता यावं. लोकांनी खरोखरच वाढवलं. बरीच जुनी कौलारू घरं पाडून तिथं दुमजली-तिमजली उभी राहिली आहेत. चौक मात्र तसेच आहेत, आणि गणपतीत मुलांची नाटकं तिथंच होतात म्हणे.

आता जरा वेगळं लिहिते. आईला वाचून दाखवताना हवं तर हा भाग गाळा. पनवेलचं नाव एके काळी डान्सबारमुळे गाजलं. २००५ साली गृहमंत्री असताना आपल्या तासगावच्या आर. आर. आबांनी बंदी आणली, ती पुढे न्यायालयात टिकली नाही. पण मधल्या काळात नाच थांबला आणि गाणं उरलं. हेच ते ऑर्केस्ट्रा बार. परवान्यात कलाकारांची संख्यासुद्धा ठरलेली, चार बायका नि चार पुरुष. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२२मध्ये ही वाटणी रद्द केली, आठची एकूण मर्यादा ठेवली. गाण्याला असा हिशेब लागतो, हे आपल्या सतारमेकर गल्लीत कुणाला खरं वाटणार नाही.

अशाच एका ठिकाणी ऑक्टोपॅड वाजवणारा मुलगा मावशीच्या ओळखीतला आहे. स्टेशनबाहेर चहा घेत बोललो. त्याचं वर्ष असं: श्रावण संपला की गणपती, मग नवरात्र, तुळशीचं लग्न लागलं की हळदी, त्या थेट मेपर्यंत. उरलेल्या रात्री ऑर्केस्ट्रा. तो म्हणाला, "हळदीची सुपारी घेतो तेव्हा घरचे सांगतात, वाजवायला गेलाय. बारला गेलो की सांगतात, कामाला गेलाय." आता बारमध्ये गाण्याचा तयार ट्रॅक लावतात, म्हणजे वादक कमी लागतात. हळदीत ट्रॅक चालत नाही, कारण नाचणारे जिथं अडतील तिथं ठेका फिरवावा लागतो. "खरी परीक्षा तिकडेच," असं म्हणून त्यानं मला घणसोलीच्या हळदीचं आमंत्रण देऊन टाकलं. नवऱ्याकडच्यांना विचारलंसुद्धा नाही.

घणसोली, सोमवार

ती. अण्णा,

हे शहर रिकाम्या जागेवर बसलेलं नाही. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन त्यासाठी घेतली गेली. भातखाचरं, मिठागरं, मासेमारीच्या खाड्या. माणसं आगरी आणि कोळी. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली ते मोबदल्यासाठी लढले, जानेवारी १९८४मध्ये जासईच्या परिसरात गोळीबार झाला, पाच जण गेले. त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. सेक्टरांच्या मधोमध ही गावठाणं अजून आहेत. गल्ल्या अरुंद, घरं चार मजली, वेशीवर देऊळ.

हळदीचा मांडव रस्ता अडवून घातला होता. कुणाची हरकत नाही, कारण रस्त्यावरून जाणारे सगळे मांडवातच येत होते. मी कोण, कुठली, हे विचारण्याआधी पुढ्यात तांदळाची भाकरी आणि मटण आलं. "जेवल्याशिवाय जावाचा नाय," हा हुकूम.

आणि मग बेंजो! तुम्ही पाहिलात तर आधी नाक मुरडाल, पण ऐका. हातभर लांबीची लाकडी पेटी, वर टंकयंत्रासारखी बटणं, खाली तारा. डाव्या हातानं बटण दाबायचं, उजव्या हातातल्या नखीनं तार छेडायची. मूळ वाद्य जपानचं, १९१२च्या सुमारास नागोयात तयार झालेलं ताइशोगोतो. आपल्याकडे ते बुलबुलतरंग झालं. इथल्या पोरांनी त्याला पिकअप लावला, वायर ॲम्प्लिफायरला जोडली, आवाजाला एको दिला आणि त्याचा बेंजो केला. मींड निघत नाही, हे तुम्ही पहिल्याच सुराला म्हणाल. पण वादक एकच बटण इतक्या झपाट्यानं ठोकतो की स्वर तुटत नाही, आणि खालून ढोल-ताशा नि तो ऑक्टोपॅड असा धरून राहतो की पाय आपोआप हलतात. परवाचा पनवेलचा मुलगा इथं ओळखू येईना. नाचणाऱ्यांच्या पायांवर डोळे लावून ठेका बदलत होता. कोळीगीत, मग सिनेमातलं, मग दि. बां.च्या नावाचं एक गाणं. त्याला साठीतले आजोबाही उठले.

दहाला सगळं बंद. कायद्यानं रात्री दहा ते सहा भोंगा चालत नाही. पोरं वायरी गुंडाळू लागली, मी निघायच्या तयारीत. तेवढ्यात घरातून एक आवाज आला. साथ नाही, माइक नाही. सत्तरी ओलांडलेली एक बाई सूप पुढे घेऊन बसली होती, ती एक ओळ म्हणे आणि भोवतीच्या चार-पाच बायका ती उचलत. ही धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात मांडव घालण्यापासून हळद लावण्यापर्यंत विधी हिच्या गाण्यानं होतात, आणि प्रत्येक विधीचा धवला वेगळा. चाल अगदी लहान, तीन-चार स्वरांत फिरणारी. पण ती कुठल्याच अक्षरावर घाई करत नव्हती.

महानुभाव महदंबेचे धवळे आठवले. मराठीतली ही आद्य कवयित्री तेराव्या शतकातली, आणि तिनं रचली तीही लग्नाचीच गाणी, श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची. ते आपण पुस्तकात वाचतो, परीक्षेला लिहितो. इथं एक निरक्षर बाई नवरदेवाच्या अंगाला हळद लागत असताना त्याच जातीचं गाणं म्हणते आहे, बाहेर महापालिकेची कचरागाडी उभी आहे, आणि नवरी महापेच्या आयटी कंपनीत नोकरीला आहे.

मी म्हातारीला विचारलं, किती धवले येतात? मोजले नाहीत, म्हणाली. सासूला तिच्यापेक्षा जास्त यायचे, आणि सुनेला एकही येत नाही. सून शेजारीच होती. हसली नाही. "फोनमध्ये एक भरून ठेवलाय," एवढंच बोलली.

अण्णा, माझं मत सांगते. नवी मुंबईचं स्वतःचं गाणं स्टेडियमात नाही, नाट्यगृहातही नाही. तिथं येतं ते बाहेरून येतं आणि परत जातं. आलेल्यांनी आपापलं गाणं आणलं, ते खोल्याखोल्यांतून नीट चाललं आहे. बेंजोची काळजी नको, त्याला सुपाऱ्या भरपूर आहेत. धवल्याला मात्र कुणी वारस राहिलेला नाही, आणि तोच इथला सगळ्यांत जुना. एखादं गाणं फोनमध्ये भरून भागणार नाही. कुठल्या विधीला कुठला धवला, आधी कुठला, मागून कुठला, हा क्रमच त्यातलं शास्त्र आहे, आणि तो गाणारीच्या डोक्यात आहे. कोल्हापूरच्या विद्यापीठात संगीत शिकवणारे तुमचे मित्र आहेत, त्यांना आजच पत्र टाका. दोन मुली आणि एक चांगलं ध्वनिमुद्रण यंत्र द्या म्हणावं. एक पूर्ण लग्न, मांडवापासून वरातीपर्यंत, शब्द नि चालीसकट नोंदवून घ्यायचं आहे. राहण्या-जेवण्याचा खर्च लागणार नाही, तेवढं घणसोलीकरांनी आत्ताच कबूल केलं आहे. लग्नसराई मेअखेर संपते, तेव्हा उशीर करू नका.

आईला नमस्कार.

तुमची,
वैजू