‘झुंड’मधील मुले पुढे कोठे गेली?

चित्रपट पाहून आलेला विद्यार्थी दुसऱ्या दिवशी वर्गात अर्धाच हजर असतो, हा आमचा अनेक वर्षांचा अनुभव आहे. त्याचे शरीर बाकावर असते. मन मात्र अजून त्या पडद्यापाशीच घुटमळत असते. ‘झुंड’ हा चित्रपट ४ मार्च २०२२ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा आमच्या शाळेतील मैदानावरही असेच काही दिवस गेले. ज्यांनी कधी फुटबॉलला पाय लावला नव्हता तीही मुले अनवाणी धावू लागली, आणि नागपुरी बोलीतील संवाद तर व्हरांड्याव्हरांड्यांतून ऐकू येऊ लागले. त्यांतील काही संवाद आम्हांस न ऐकल्यासारखे करावे लागले, हेही येथे नमूद करून ठेवतो.

यात नवल ते काय? नागपूर म्हणजे आपल्या वर्धेहून गाडीने जेमतेम दीड-दोन तासांची वाट. तेथील वस्त्या, तेथील पोरे, तेथील बोलणे हे सारे आपल्या मुलांस आपलेच वाटते. शिवाय ज्या गृहस्थांच्या जीवनावरून ही कथा घेतली, ते श्री. विजय बारसे हे नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील निवृत्त क्रीडाशिक्षक. स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनरी शिक्षकाचे नाव धारण करणारे हे महाविद्यालय १८८३ साली स्थापन झाले. हिस्लॉप साहेबांचा अंत १८६३ साली टाकळघाटाजवळ, पुराच्या पाण्यातून ओढा ओलांडताना झाला, ही गोष्ट आपल्याकडील जुन्या मंडळींस ठाऊक असेल. असो, विषयांतर झाले.

२००१ सालच्या एका पावसाळी दिवशी बारसे सरांनी झोपडपट्टीतील काही मुलांस एक मोडकी बादली लाथाडीत खेळताना पाहिले. त्यांनी त्यांस चेंडू दिला. ही मुले जोवर मैदानावर असतात तोवर त्यांचे हात दुसऱ्या कोणत्याही भलत्या उद्योगास लागत नाहीत, एवढेच एक साधे निरीक्षण त्यांनी केले आणि त्यावर उरलेले आयुष्य वेचले. ‘झोपडपट्टी फुटबॉल’ हे त्या कार्याचे पहिले नाव. पुढे ‘स्लम सॉकर’ या नावाने ते जगास माहीत झाले आणि २०१६ साली फुटबॉलची जागतिक संघटना जी ‘फिफा’, तिने आपला विविधता पुरस्कार या संस्थेस दिला. याच मैदानातून अखिलेश पॉल हा गुन्हेगारीच्या वाटेला लागलेला तरुण पुढे आला आणि २०१० साली ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथे भरलेल्या बेघरांच्या विश्वचषक स्पर्धेत भारताच्या संघाचा कर्णधार झाला.

दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी या कथेकरिता एक निश्चय केला. शिक्षकाची भूमिका त्यांनी अमिताभ बच्चन यांस दिली खरी. परंतु मुले मात्र कसलेल्या नटांतून न घेता नागपूरच्या वस्त्यांतूनच वेचून आणली. ज्यांनी आयुष्यात कॅमेरा पाहिला नव्हता त्यांस कॅमेऱ्यासमोर उभे केले. पूर्वी ‘फँड्री’च्या वेळी त्यांनी हेच केले होते. करमाळा तालुक्यातील सोमनाथ अवघडे या हलगी वाजविणाऱ्या मुलास त्यांनी नायक केले, आणि त्या मुलास उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘सैराट’च्या वेळी अकलूजची रिंकू राजगुरू शाळेत शिकत होती. तिच्याविषयी आमच्या विद्यार्थिनींस एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. सारा महाराष्ट्र तिच्यामागे धावत असताना तिने २०१७ साली दहावीची आणि २०१९ साली बारावीची परीक्षा दिली, व बारावीत ८२ टक्के गुण मिळविले. गर्दी दाराशी उभी असताना पुस्तक उघडणे किती कठीण असते, हे ज्यांच्या घरी साधे लग्नकार्य निघाले आहे त्या विद्यार्थ्यांसही कळेल.

‘झुंड’मध्ये रिंकूही आहे आणि तिचा ‘सैराट’मधील सहनायक आकाश ठोसरही आहे, पण येथे तो नायक नसून वस्तीतील दांडगा आहे. या दोघांचे पुढे ठीकच चालले. आकाश व सायली पाटील ही ‘झुंड’मधील दोघे २०२३ च्या ‘घर बंदूक बिरयानी’त पुन्हा दिसली. शिक्षकाच्या पत्नीचे काम करणाऱ्या छाया कदम यांचा एक चित्रपट तर २०२४ साली फ्रान्समधील कान येथे दुसऱ्या क्रमांकाचा मोठा सन्मान घेऊन आला. मुलाचे काम करणारे अर्जुन राधाकृष्णन यांनी दुसऱ्या एका मालिकेत डॉ. अब्दुल कलाम रंगविले. यांतील बहुतेक मंडळी त्या धंद्यातीलच होती, अथवा ‘झुंड’पूर्वीच त्या धंद्यात रुळली होती. त्यांची चिंता करण्याचे आम्हांस कारण नाही.

आमचे मन गुंतले आहे ते त्या वस्तीतल्या मुलांत.

त्यांतील अंकुश गेडाम हा चित्रपटाचा खरा नायक. ‘डॉन’ म्हणून मिरवणारा, खिशात पाते बाळगणारा आणि अखेरीस विमानतळावरील तपासणीपुढे गोंधळून उभा राहणारा मुलगा त्याने असा काही उभा केला, की समोर अमिताभ बच्चन आहेत याचाही प्रेक्षकांस विसर पडावा. एप्रिल २०२३ मध्ये त्यास उत्कृष्ट नवोदित अभिनेत्याचा ‘फिल्मफेअर’ पुरस्कार मिळाला. मोठमोठ्या नटांची मुले ज्या पुरस्काराकडे डोळे लावून असतात, तो नागपूरच्या एका वस्तीतील मुलाने घेतला. आमच्या शाळेत त्या दिवशी जणू आपल्याच मुलाने बाजी मारली असा आनंद होता.

आणि त्याच चित्रपटात बाबूचे काम करणारा प्रियांशू क्षत्रिय हाही होता. चटपटीत, हसरा, दिसताक्षणीच लक्षात राहणारा. चित्रपट प्रदर्शित झाला त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात नागपूर पोलिसांनी त्यास घरफोडीच्या आरोपावरून अटक केल्याची बातमी आली. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपुरातच त्याचा खून झाला. पोलिसांनी त्याच्याच एका मित्रास अटक केली. मुलाचे वय अवघे एकवीस.

ही बातमी वाचून आमच्या परिचयातील एक सद्गृहस्थ म्हणाले, “पाहिलेत? कितीही वर काढा, अशा मुलांची गत अखेर हीच.” पालकांपैकीही काहींच्या मनात हे वाक्य उमटले असेल, म्हणून त्याविषयी थोडे स्पष्ट लिहिणे आम्हांस अवश्य वाटते. ‘अशी मुले’ म्हणजे कोणती? अंकुशही त्याच शहरातील तशाच वस्तीचा, आणि अखिलेश पॉल तर गुन्ह्याच्या वाटेवर प्रत्यक्ष चालून परत फिरलेला. एकाच जातीची दहा रोपे लावली, त्यांतील एक सुकले, म्हणून बी वाईट ठरविणारा शेतकरी आम्ही तरी आपल्या जिल्ह्यात पाहिलेला नाही. तो आधी पाणी कोठवर पोचले ते पाहतो.

पाणी कोठवर पोचले हे पाहू गेल्यास एक गोष्ट ध्यानात येते. ‘झुंड’चे चित्रीकरण २०१८ च्या अखेरीस नागपुरात सुरू होते. त्यानंतर न्यायालयातील वाद आले, मग करोनाची साथ आली, आणि चित्रपट लोकांपुढे येण्यास तीन वर्षांहून अधिक काळ लोटला. मोठ्या माणसास तीन वर्षे म्हणजे काहीच नव्हेत. परंतु प्रियांशू चित्रीकरणाच्या वेळी चौदा-पंधरा वर्षांचा असणार. प्रदर्शनाच्या वेळी तो सतरा-अठराचा झाला होता. शाळामास्तरांस विचाराल तर आम्ही सांगू की मुलाच्या आयुष्यातील सर्वांत निसरडी वर्षे हीच. अमिताभ बच्चन यांच्या खांद्यास खांदा लावून उभा राहिलेला मुलगा दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीत, त्याच सोबत्यांत परत येतो. आणि आपण काय केले हे दाखवावयास त्याच्या हाती पडद्यावरचे एक चित्रही नसते!

हे केवळ नागपुरातच घडते असे नाही. १९८८ च्या ‘सलाम बॉम्बे’तील शफीक सय्यद या रस्त्यावरच्या मुलास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पुढे तो बंगळूरात रिक्षा चालवून संसार करू लागला. (रिक्षा चालविणे हे अधःपतन आहे असे मात्र कोणी समजू नये; आमच्या शाळेतील कित्येक मुलांची फी त्याच मिळकतीतून येते.) ‘स्लमडॉग मिलियनेअर’ या २००८ च्या चित्रपटातील रुबिना अली व अझरुद्दीन इस्माईल या वांद्र्याच्या गरीबनगरातील मुलांकरिता मात्र चित्रपटकर्त्यांनी विश्वस्त निधी स्थापन केला व त्यांच्या शिक्षणाची आणि घराची तजवीज केली. ही व्यवस्था निर्दोष होती असे आम्ही म्हणत नाही. पण चित्रीकरण आटोपल्यानंतरही मूल वाढतच राहते, एवढे तरी त्यांनी ओळखले.

मंजुळे यांस दोष देण्याचा आमचा हेतू नाही. ज्या मुलांकडे कोणी वळून पाहत नव्हते त्यांस त्यांनी साऱ्या देशास पाहावयास लाविले, हे थोडे नव्हे. परंतु चित्रपट आणि मैदान यांत एक भेद आहे. चित्रपट एकदा पुरा होतो. मैदान दररोज चार वाजता पुन्हा सुरू करावे लागते, पावसात, परीक्षेत, चेंडू फाटला तरी. बारसे सरांचे खरे काम हे दुसऱ्या प्रकारचे होते, आणि त्याचा चित्रपट काढू गेल्यास तो फार कंटाळवाणा होईल असे आम्हांस वाटते.

‘झुंड’मध्ये महाविद्यालय आणि झोपडपट्टी यांच्यामध्ये एक भिंत दाखविली आहे. आपल्या शाळेच्या मैदानासही भिंत आहे, आणि सायंकाळी सामना चालू असताना तिच्यावर कोपरे टेकून पाहणारी मुले आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिली आहेत. त्यांची नावे आपल्यातील किती जणांस ठाऊक आहेत?

प्रियांशूची बातमी आल्यानंतर नववीच्या मुलांच्या आग्रहावरून आम्ही शाळेच्या सभागृहात तो चित्रपट पुन्हा लावला. बाबू पडद्यावर आला तेव्हा पूर्वी जेथे हशा पिकत असे तेथे कोणीही हसले नाही. खेळ संपल्यावर मागच्या बाकावरील एक मुलगा, जो एरवी प्रश्न विचारीत नाही, उभा राहिला व म्हणाला, “सर, शूटिंग संपल्यावर हा नागपुरातच राहत होता का?” आम्ही होय म्हटले. “मग तो संध्याकाळी खेळायला कोठे जात असेल?”

बाहेर मैदानावर आठवीची मुले संघ पाडीत होती. एक गडी कमी पडत होता, म्हणून त्यांनी ह्या मुलास हाक मारली, आणि तो गेला.