भिंतीआडचे चितळ

चेन्नईला गेलेला मराठी प्रवासी मरीना किनारा पाहतो, कपालीश्वराचे दर्शन घेतो, कांजीवरम साड्या खरेदी करतो आणि परततो. या शहराच्या पोटातच एक जंगल आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. हे गिंडी राष्ट्रीय उद्यान! एका बाजूला राज्यपालांचे निवासस्थान, दुसऱ्या बाजूला आय.आय.टी. आणि पलीकडे वाहनांचा अखंड गोंगाट. १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान ठरलेल्या या जंगलाचा विस्तार जेमतेम २७० हेक्टर.

झुडपांच्या सावलीत ठिपकेदार चितळांचे कळप दिसतात. मोकळ्या गवतात रमणारी काळविटे येथे त्यांच्या आधीपासून आहेत. चितळ मात्र १९४० च्या दशकाच्या अखेरीस बाहेरून आणले गेले, असे मानले जाते. येथे वाघ नाही, बिबट्या नाही. कोल्हे आहेत, ते फार तर एखादे पाडस उचलतात. मग कळपाच्या वाढीला लगाम कोण घालणार?

याचे एक उत्तर दूर स्कॉटलंडमध्ये मिळाले. तेथील रम बेटावरही हरणे एकोणिसाव्या शतकात बाहेरून आणलेली. १९७० च्या दशकात बेटाच्या एका भागात त्यांची शिकार थांबवण्यात आली आणि संख्या झपाट्याने वाढली. तेव्हा अभ्यासकांना दिसले, की माद्यांचे पहिले बाळंतपण तीनऐवजी चार वर्षांवर गेले. आदल्या वर्षी पाडस वाढवलेल्या माद्या पुढच्या वर्षी बऱ्याचदा रिकाम्या राहू लागल्या. चारा वाटला गेला, अंगावर चरबी धरेना, आणि आईच्या शरीरानेच वाढीला आवर घातला.

चितळाची मादी जवळजवळ आठ महिने गर्भ वाहते आणि बहुधा एकच पाडस देते. चेन्नईत मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात. उन्हाळ्यात गवत वाळते, तेव्हा मोठ्या अरण्यातला कळप दुसरीकडे सरकतो. गिंडीच्या कळपाला जागा कुठली? भिंतीपलीकडे तर रस्ता!

म्हणूनच अशा उद्यानात नुसती डोकी मोजून भागत नाही. किती माद्यांच्या मागे पाडस आहे, हेही पाहावे लागते. भरलेल्या कळपाची उपासमार तिथे आधी दिसते.

मुलांना घेऊन गेलात, तर त्यांनाही हेच मोजायला सांगा. मात्र हरणांना खाऊ देऊ नका आणि प्लास्टिकची पिशवी तेथे टाकू नका. ती हरणाच्या पोटात गेली, तर जिवावर बेतू शकते.