हिरव्या काड्या

दिवाळीच्या आधीपासून बाबांचा फोनवर एकच धोशा चालू होता. "तो किबोर्ड खराब झाला रे. आवाजाचं बटन दाबतो, काहीच होत नाही."

मी आपला पुण्यात बसून "केबल काढून परत लावा", "रीस्टार्ट करा" असले टेक सपोर्टवाले सल्ले देत होतो. शेवटी शनिवार-रविवारला दोन सुट्ट्या जोडल्या, महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडली आणि आखडलेली पाठ घेऊन गोंदियाला उतरलो. तिथून कामठा. बॅगेत नवाकोरा किबोर्ड. गावात धानाची कापणी चालू होती, त्यामुळे माझ्या येण्याचं कौतुक घरापुरतंच.

आता बाबांच्या मशीनबद्दल. माझाच जुना डेस्कटॉप, चार जीबी रॅम. हलकं चालावं म्हणून मी त्यावर लिनक्स आणि ओपनबॉक्स टाकून दिलं होतं. बाबा जिल्हा परिषद शाळेतून रिटायर झालेले. त्यावर पेपर वाचतात आणि यूट्यूबवर झाडीपट्टीची नाटकं बघतात. ओपनबॉक्स म्हणजे रिकामी खोली. खिडक्या उघडतो, बंद करतो, बाकी खुर्च्या-टेबल तुमचं तुम्ही आणायचं. आवाज वाढवला की पडद्यावर दिसणारी पट्टी? तीही तुमची तुम्ही आणायची. मी आणली नव्हती. मला काय, ऐकू येतं ना!

पहिल्यांदा एक्सईव्ही चालवून बटन दाबलं. कोड १२३, आवाज वाढव. बटन ठणठणीत. मग सिस्टीमला विचारलं, बाई, सध्या आवाज किती? उत्तर आलं, १६० टक्के.

चूक माझीच. मी बटनाला जी ओळ बांधून दिली होती ती नुसती 'पाच टक्के वाढव' एवढीच सांगत होती, थांबायचं कुठे ते सांगतच नव्हती. पल्सऑडिओ शंभराच्या वरही जाऊ देतो. पण वर गेल्यावर लाटेचे शेंडे कापले जातात आणि आवाज फाटतो. म्हणजे बाबा बटन दाबत होते, आवाज फाटत होता, म्हणून ते आणखी दाबत होते. आईचं म्हणणं, "अर्ध्या गल्लीला नाटक ऐकू येते."

मी लहान असताना आमच्या टीव्हीवर आवाज वाढवला की हिरव्या काड्या उमटायच्या. घरात भाषाच तशी होती. "बातम्या लागल्या, दोन काड्या वाढव." "पोरं झोपली, कमी कर, आठ काड्या ठेव." त्याआधीच्या रेडिओला त्याची गरजच नव्हती. गोल खुंटी कुठे वळली आहे ते डोळ्याला दिसायचं. बटन आलं आणि खुंटीची ती खूण गेली. बटन फक्त 'आणखी' आणि 'कमी' एवढंच बोलतं, कुठे आहोत ते सांगत नाही. काड्या म्हणजे त्या हरवलेल्या खुंटीची पडद्यावरची भरपाई.

तर काड्या आणायच्या ठरवल्या. आधी ओएसडी-कॅट. जुनं, गरीब हत्यार, पण टक्के आणि रंग सांगितला की थेट हिरव्या काड्या काढतं. मी खूश. मग वाटलं वर 'आवाज' असं मराठीत लिहावं, तर ते जुन्या पद्धतीचे फॉन्ट वापरतं आणि देवनागरी काही उमटेना. शनिवारची दुपार त्यात गेली. (माझं हे नेहमीचंच. जेवायला बसायचं सोडून ताटावर नक्षी.) मग डन्स्ट लावलं. त्याला नोटिफाय-सेंडमधून आकडा दिला की पट्टी काढतं, मराठीही नीट लिहितं. पण दर दाबाला नवी चौकट! दहा वेळा दाबलं, तर पडद्यावर वरून खाली चौकटीच चौकटी. बाबा मागे उभे. "हे काय करून राहिला? एसटीची तिकिटं फाडून राहिला का?" सगळ्या चौकटींना एकच खूणचिठ्ठी लावली की नवी जुन्यावर बसते, हे सापडेपर्यंत चहा दोनदा झाला. शंभराची मर्यादा घातली. पट्टी स्वतः हिशेब करत नाही, दर वेळी सिस्टीमलाच विचारते. आणि स्पीकरची खुंटी मध्यावर आणून चिकटपट्टीने जाम केली, कारण ती बाबांनी पूर्ण फिरवून ठेवली होती आणि पडद्यावरच्या पट्टीला तिचा पत्ताच नसतो.

रात्री नाटक लावलं. पट्टी ५५ वर. मला आणि आईला शब्द न् शब्द स्वच्छ. बाबांचा हात बटनावर गेला. ७०. ८५. १००. आणखी एकदा दाबलं, पट्टी जागची हलली नाही.

"आता?"

"आता पूर्ण आहे, बाबा."

ते थोडा वेळ पट्टी गेलेल्या जागेकडे बघत राहिले. "आवाज तं मोठा आहे. मंग शब्द काहून नाही समजत?"

नाटक चालू होतं. आईने माझ्याकडे बघितलं, मी किबोर्डकडे. महिनाभर त्यांचं 'काहीच होत नाही' म्हणजे हे होतं, आणि मी केबल काढायला सांगत होतो.

सोमवारी गोंदियाला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. आलेख निघाला. डावीकडे, खर्जाच्या बाजूला, रेघ बऱ्यापैकी वर होती. २००० हर्ट्झच्या पुढे घसरगुंडी. वयाबरोबर आधी वरच्या पट्टीतलं ऐकू येणं जातं, आणि स, श, फ, त असली अक्षरं तिथेच राहतात. स्वर पोचतात, व्यंजनं गळतात. सरसकट आवाज वाढवला की स्वर अंगावर येतात आणि गळलेलं गळलेलंच राहतं. चाळीस वर्षं फळ्यावर व्यंजनं गिरवून घेतलेल्या माणसाने तो कागद नीट घडी करून खिशात ठेवला.

नवा किबोर्ड तसाच बॅगेतून पुण्याला परत आला.

कानातलं मशीन बसून आता तीन आठवडे झाले. परवा फोन आला. नाटकाचा आवाज ५० वर पुरतो म्हणे, आईची कटकट थांबली. मशीनलाही आवाजाचं बारीक बटन आहे, दाबलं की कानात टूं वाजतं.

"सगळं ठीक आहे," बाबा म्हणाले, "पण याच्यावर काड्या दिसत नाही रे."