बारीक माणसाचं पोट

शुगर होते ती जाड माणसांना, असा आमच्या घरात पक्का समज. सगळ्यांची नजर मोठ्या मेहुण्यांच्या ताटावर. मी 61 किलोंचा, उंची साडेपाच फूट. माझ्या ताटात आई न विचारता पोळी वाढायची. शर्टाच्या आत पोट तेवढं पुढे आलेलं होतं, पण ते "बसून बसून सगळ्यांचंच येतं".

मानेच्या मागची कातडी मात्र काळसर झाली होती. न्हावी ओल्या टॉवेलनं खसाखसा पुसायचा आणि म्हणायचा, "साहेब, निघत नाही हो." आईनं डाळीचं पीठ आणि लिंबू लावून पाहिलं. हात लावला तर कातडी मखमलीसारखी जाडसर लागायची, शेजारी दोन-तीन बारीक मस. ऑफिसच्या वार्षिक तपासणीचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेलो, तर बाईंनी कागद उघडायच्या आधी कॉलर खाली करून मान पाहिली. मग टेप काढला आणि बेंबीपाशी पोट मोजलं, 92 सेंटिमीटर. भारतीय पुरुषाला 90 च्या आत हवं, बायकांना 80 च्या.

उपाशीपोटी साखर 108, एचबीए1सी 6.0, ट्रायग्लिसराइड्स 240, चांगलं कोलेस्टेरॉल 34. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, आणि मी दारूला शिवत नाही. "मधुमेह नाही ना मग?" असं मी विचारलं. "अजून नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्या अंगात इन्सुलिन कमी नाही, उलट जास्तच आहे. स्नायू आणि यकृत त्याला दाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड आणखी आणखी तयार करतंय. मान काळी झालीय ती त्यानंच. ते दमलं की साखर चढते. आणि हृदयाला धोका तोपर्यंत थांबून राहत नाही." वडील पन्नाशीत गोळ्यांवर गेले होते, हे त्यांनी लिहून घेतलं.

बारीक असून असं कसं, हा माझा प्रश्न त्यांना नवा नव्हता. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता, तो बाईंनी मला दाखवला. दोघांचाही बीएमआय 22.3. पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2. वजनकाटा दोघांना सारखंच सांगत होता. घरी तो फोटो आईला दाखवला, तर ती म्हणाली, "हे तर दोघंही वाळलेले आहेत."

गोळी लगेच दिली नाही. चेन्नईत झालेल्या आणि 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना आहार आणि चालण्याची शिस्त लावली, तेव्हा मधुमेहाचं प्रमाण 28.5 टक्क्यांनी घटलं, तेही वजन फारसं न उतरता. माझ्यासारख्याला हे ऐकून बरं वाटलं, कारण उतरवायला माझ्याकडे वजन होतं कुठे?

वडिलांचा ग्लुकोमीटर हाताशी होता. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाऊन तासाभरानं बोट टोचलं, 187. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ते ठीक, पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, हे आकड्यात पाहिल्यावर आईसुद्धा गप्प झाली. ज्वारीची भाकरी म्हणजे औषध, हाही एक लाडका समज. तीन भाकऱ्या खाल्ल्या की तीही साखर चढवते. गुळाच्या चहाबद्दल नातेवाइकांशी वाद घालणं मी सोडून दिलं आहे. आता आधी कोशिंबीर आणि उसळ, मग एक भाकरी, भात वाटीभर. चहा बिनसाखरेचा, त्याची सवय व्हायला मात्र फार वेळ लागला.

जेवणातल्या बदलांपेक्षा मला जास्त उपयोग झाला तो पायांचा. हलणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतो, असं बाईंनी सांगितलं होतं. रात्रीच्या जेवणानंतर शतपावली शंभर पावलांवर न थांबता पंधरा-वीस मिनिटं घालू लागलो. त्याच खिचडीची अर्धी वाटी दाण्यांसकट आणि दह्याबरोबर खाल्ली, लगेच चालून आलो, तर आकडा दीडशेच्या आत राहिला. जिमला जायचा कंटाळा, म्हणून घरातच बैठका आणि भिंतीला हात लावून जोर. सुरुवातीला मांड्या इतक्या भरून यायच्या की ऑफिसचा जिना कठडा धरून उतरायचो. रात्री दीडपर्यंत मोबाइल पाहणं बंद करणं हे या सगळ्यात अवघड. झोप कमी पडली की इन्सुलिनला मिळणारी दाद आणखी घटते, हे माहीत असूनही ते मला अजून नीट जमलेलं नाही.

वजन किलोभरच उतरलंय. कंबर 88 वर आली, ट्रायग्लिसराइड्स दीडशेच्या खाली, एचबीए1सी 5.6. मान थोडी उजळली आहे, पण मस तसेच. दर सहा महिन्यांनी रक्त द्यायचं आहे, कारण सुटलं तर हे परत येतं. धाकट्या भावालाही तपासायला बाईंनी सांगितलंय. तो माझ्यापेक्षा बारीक आणि त्याचीही मान काळी. तो म्हणतो, दिवाळी होऊ दे, मग बघू.