महालातील रेडिओ व बर्डीची एक फेरी

नागपुरास आलेला पाहुणा सीताबर्डीचा किल्ला व शून्य मैलाचा स्तंभ पाहतो, संत्र्यांची करंडी घेतो आणि परततो. महालातील जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर काय काय निजलेले आहे, ते त्यास कोण दाखविणार? आमच्या माळ्यावर लाकडी पेटीचा, व्हॉल्व्हचा एक रेडिओ कित्येक वर्षे पडून होता. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. त्या वेळी हे शहर मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होते. त्यानंतर थोड्याच वर्षांत आमच्या आजोबांनी हा रेडिओ घेतला व पोस्टातून परवाना काढून तो घरात वाजू लागला.

तो खाली उतरविताच मुलांनी खटका दाबण्याचा हट्ट धरला. थोरल्या काकांनी मात्र वायरीचे टोक हातातून सोडले नाही. अशा यंत्राचा खरा वैरी म्हणजे ‘वाजतो का पाहू’ ही उत्सुकता, असे त्यांचे म्हणणे. आणि ते सर्वथा खरे आहे.

दोष असतो कंडेन्सरांत. धातूच्या दोन पातळ पट्ट्या व मध्ये मेण पाजलेला कागद, अशी त्यांची जुनी घडण. आमच्याकडील ४५ अंशांच्या उन्हाळ्यात मेण मऊ पडते, पुढे पावसाळ्यात कागद ओल ओढतो, आणि ज्याने अडीचशे व्होल्टच्या आसपासचा एकदिश प्रवाह अडवावयाचा तोच तो झिरपू देतो. शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे जाणारा ०.०१ मायक्रोफॅरडचा चिमुकला कंडेन्सर गळू लागला, की तो व्हॉल्व्ह भलताच प्रवाह ओढतो व आउटपुट ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी जाळून टाकतो. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरांची तऱ्हा निराळी. त्यांतील ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर वापरावाचून क्षीण होतो व आतील द्रव सुकतो. त्यांवर एकाएकी पूर्ण दाब आला, तर मुख्य ट्रान्सफॉर्मरवरही गदा यावयाची.

यावर घरात वाद माजला. मूळ भाग काढल्यावर तो आजोबांचा रेडिओ कसा, असे धाकट्या काकूंचे म्हणणे. तोड अशी निघाली, की वरून दिसणारी ॲल्युमिनियमची नळी पोकळ करून नवा कंडेन्सर तिच्या पोटात बसवावा. खालच्या बाजूच्या कागदी नळ्यांसाठी एवढा खटाटोप आम्हांस तरी व्यर्थ वाटतो. तेथे कोण डोकावतो?

रविवार टाळून काकांसह आम्ही बडकस चौकातून निघालो. कॉटन मार्केटच्या गर्दीतून लोहापूल ओलांडला की बर्डी. तेथील मोदी नंबरच्या गल्ल्यांत आता संगणक व मोबाइल यांचेच राज्य. तरी एका अरुंद दुकानात ६३० व्होल्टचे पॉलिएस्टरचे कंडेन्सर मिळाले. ३२ मायक्रोफॅरडच्या जागी हल्ली ३३ चा मिळतो, तो चालतो. आम्ही शंभराचा मागताच दुकानदार म्हणाला, “नका लावू जी काकाजी, रेक्टिफायरचा व्हॉल्व्ह मरते नं त्यानं.” एवढे ज्ञान तो फुकट देतो, हे बर्डीचे वैशिष्ट्य होय.

काकांनी एकेक कंडेन्सर काढून लगेच त्या जागी नवा जोडला. इलेक्ट्रोलिटिकाची धन व ऋण टोके दोनदा पाहिली. अभ्रकाचे कंडेन्सर बहुधा धडधाकट असतात, व ते हलविले तर सुरांची जुळणीही बिघडते, म्हणून त्यांस हात लावला नाही. प्लग काढला तरी विजेचा साठा आत राहू शकतो. तो रोधातून उतरविल्यावाचून बोट घालणे हे साहस नव्हे, मूर्खपणा.

पहिल्या वेळी मार्गात साठ वॉटचा दिवा घातला. तो भगभगीत पेटून राहता तर आत कोठे तरी शॉर्ट आहे असे समजावयाचे होते. तो क्षणभर उजळला व मंदावला. मग दिवा काढून पूर्ण दाब दिला. तबकडी पिवळसर उजळली, मिनिटभर नुसती घरघर, नंतर एका पुरुषाचा आवाज. केंद्र कोणते ते कळण्यापूर्वीच आतून आत्याबाई ओरडल्या, “अरे, बारीक कर रे तो, बाळ निजलंय!”