वसईचा नाद

वसईचें नांव मराठी माणसास प्रथम ठाऊक होतें तें इतिहासाच्या पुस्तकांतून. माझेंही तसेंच झालें. पस्तीस वर्षें शाळेंत चिमाजीअप्पांची मोहीम शिकविली, फळ्यावर खडूनें त्या किल्ल्याचा नकाशा काढला. पण किल्ला प्रत्यक्ष पाहण्याचा योग आला तो साठी उलटल्यावर, आणि तोही इतिहासाच्या प्रेमानें नव्हे. आमच्या थोरल्या बंधूंचा धाकटा मुलगा पुण्यांतील चांगली नोकरी सोडून वसईस जाऊन राहिला होता व तेथें ‘गाणीं करीत’ होता. गाणीं म्हणजे ख्याल-ठुमरी असती तर दादा एक वेळ गप्प बसते. परंतु या मुलाचीं गाणीं होतीं यंत्रमानवांवर, धूमकेतूंवर आणि परग्रहांवरील रहिवाशांवर! वाईच्या आमच्या अकरा माणसांच्या घरांत महिनाभर जेवतांना दुसरा विषय निघाला नाहीं. मुलगा एकोणतीस वर्षांचा, लग्नाचा. शेवटीं दादा म्हणाले, “तूं मास्तर आहेस. तुझें तो ऐकेल. जा, आणि त्याला घेऊनच ये.”

दादरला दोन विरार गाड्या मीं नुसत्या पाहून सोडल्या. तिसरींत लोकांनींच मला आंत लोटलें. भाईंदर सुटल्यावर मात्र एकदम मोकळें वाटतें. गाडी खाडीच्या पुलावर येते, दोहों बाजूंस पाणी दिसतें, पुढें मिठागरें लागतात, आणि डब्यांतलीं माणसेंही मग जरा हातपाय ताणून बोलूं लागतात. वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा व विरार या चार नगरपालिका आणि भोंवतालचीं गांवें मिळून २००९ सालीं येथें एकच महानगरपालिका झाली; २०१४ सालीं ठाण्यापासून पालघर जिल्हा वेगळा निघाला, त्यांत हा सर्व मुलूख गेला. नालासोपारा म्हणजे आपल्या पुराणांतील शूर्पारक. तेथील स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८२ सालीं उकरून काढला. तें मला पाहावयाचें होतें, पण दादांच्या कामगिरीपुढें शूर्पारक राहूनच गेलें.

स्टेशनाजवळची वसई आणि गांवची वसई या दोन निराळ्या वस्तू आहेत. पहिलींत उंच इमारती व रिक्षांची गर्दी. दुसरींत केळीच्या बागा, पाण्यानें भरलेलीं बावखलें, कौलारू घरांच्या ओसऱ्या आणि मधूनच एखाद्या चर्चचा पांढरा मनोरा. चिरंजीव बसथांब्यावर उभे होते. दाढी वाढलेली, अंगांत काळा सदरा, त्यावर कसल्याशा अंतराळयानाचें चित्र. पण भर रस्त्यांत वांकून नमस्कार केला, हें नमूद केलें पाहिजे.

“काका, आधीं किल्ला दाखवितों. मग काय रागवायचें तें रागवा,” तो म्हणाला. दादांनीं मला कशासाठीं धाडलें हें त्याला पुरतें ठाऊक होतें.

वसईचा कोट पोर्तुगीजांच्या ताब्यांत १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे दोनशें पांच वर्षें होता. तीन बाजूंस पाणी, दोन दरवाजे, एक भुईकडे व एक बंदराकडे, आणि आंत एक सबंध शहर. आज त्या शहरांतील देवळांचीं (त्यांच्या देवळांचीं, चर्चांचीं) छपरें गेलीं आहेत. भिंती उभ्या आहेत आणि भिंतींच्या फटींतून पिंपळ उगवले आहेत. जमिनीवर लांबच लांब थडग्यांच्या शिळा, त्यांवर रोमन लिपींत कोरलेलीं नांवें. थोड्याच अंतरावर नागेश्वराचें व वज्रेश्वरीचें देऊळ आणि चिमाजीअप्पांचा पुतळा. ज्या तटाला सुरुंग लावले तो तट हाच, असें म्हणत मी हात ठेवला, तेव्हां मास्तरकीचीं सर्व वर्षें एकदम आठवलीं. १८०२ च्या डिसेंबरांत दुसऱ्या बाजीरावानें इंग्रजांशीं जो तह केला तो याच वसईचा. ज्या गांवीं पराक्रम झाला त्याच गांवाच्या नांवानें राज्याचा गळा आवळला गेला. मुलांना हें सांगतांना माझा आवाज नेहमीं जड होई.

मी अशा विचारांत असतां मागें धाडकन् आवाज झाला. दचकून पाहतों तों चिरंजीव एका दगडी कमानीखालीं फुटका फुगा हातांत घेऊन उभे, आणि जमिनीवर ध्वनि टिपण्याचें लहानसें यंत्र. फिरावयास आलेलीं माणसें हंसूं लागलीं. मला लाज वाटली. पण त्यानें सांगितलें तें ऐकण्यासारखें होतें. एखाद्या जागीं असा क्षणिक स्फोट करावा व त्याचा प्रतिध्वनि विरेपर्यंत टिपून ठेवावा. मग घरीं बसून कोणताही आवाज गणिताच्या योगें त्या जागेंत नेऊन ठेवतां येतो. खोलींत म्हटलेलें गाणें या कमानीखालीं म्हटल्यासारखें ऐकूं येतें. स्थापत्याचें चित्र काढतात हें मला ठाऊक होतें. त्याचा आवाज असा उचलून नेतां येतो, हें नवीन कळलें.

याच किल्ल्यांत कोल्डप्ले नांवाच्या बड्या इंग्रजी वाद्यवृंदानें २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या एका गाण्याचें कांहीं चित्रण केलें होतें. पुढें २०२१ सालीं त्याच मंडळींनीं एका काल्पनिक ग्रहमालेवर सबंध गीतसंग्रह रचला, आणि २०२५ च्या जानेवारींत नव्या मुंबईंत येऊन तो गाजविला. “तुझें तसें होणार आहे काय?” मीं विचारलें. “नाहीं, काका. त्यांच्यामागें कंपन्या आहेत. माझ्यामागें फक्त घरमालक आहे,” तो म्हणाला.

घरमालकाचें घर जुनें, माडी लहान. खोलींत एक खाट, संगणक, सतार (माझ्या धाकट्या बहिणीची, ती हरवली असें घरांत सर्वांस वाटत होतें!), सुरांच्या पट्ट्या असलेलें एक यंत्र, आणि भिंतीशीं पुस्तकांची चळत. त्यांत नारळीकर सर्वांत वर. चहा होईपर्यंत मीं त्याची उलटतपासणी घेतली.

तो ज्या जमातीचा आहे तिला ‘गीक’ म्हणतात. एके काळीं अमेरिकेंतील जत्रांत जिवंत कोंबडीचें मुंडकें चावून दाखविणाऱ्या इसमास हें नांव होतें. मग एखाद्या विषयानें झपाटलेल्या माणसास तें हिणवून लावूं लागले. आणि आतां तेच लोक तें अभिमानानें मिरवितात. मराठींत याला चांगला शब्द आहे, नादिष्ट. नाद म्हणजे सूर आणि नाद म्हणजे वेडही. दोन्ही अर्थ एका शब्दांत राहतात. इंग्रजीला हें साधलेलें नाहीं.

विज्ञानकथांच्या नादिष्टांचे अमेरिकेंत फार दिवसांपासून मेळावे भरतात. रात्रीं मंडळी वर्तुळ करून बसतात आणि एकामागून एक आपलीं गाणीं म्हणतात. विषय रॉकेटें, मंगळ, आवडत्या कादंबऱ्यांतील पात्रें. या गाण्यांना ‘फिल्क’ म्हणतात, तें ‘फोक’ या शब्दाच्या छापण्यांतील चुकीनें. गेल्या शतकाच्या सहाव्या दशकांत एका लेखांत ती चूक झाली आणि मंडळींनीं ती सुधारण्याऐवजीं कायम केली. मुद्रितें तपासण्यांत माझें आयुष्य गेलें. एवढी भाग्यवान चूक माझ्या हातून कधीं सुटली नाहीं. पण वर्णन ऐकतांना मला आमच्या आळींतलें चक्री भजन आठवलें. एकानें पद संपवावें, दुसऱ्यानें उचलावें, गाणारा व ऐकणारा असा भेदच नाहीं.

चिरंजीवांचा आदर्श जोनाथन कोल्टन नांवाचा गायक. हा संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणारा कारकून. २००५ सालीं नोकरी सोडली व वर्षभर आठवड्यास एक याप्रमाणें गाणीं रचून, कोणत्याही कंपनीच्या दारीं न जातां, परस्पर श्रोत्यांपुढें ठेवलीं. त्यांतलें एक गाणें अशाच एका संगणक-कारकुनाच्या दुःखाचें आहे, आणि तेंच सर्वांत गाजलें. मीं म्हटलें, “मग तो आपला कीर्तनकारच कीं! आख्यान स्वतःचें, चाल स्वतःची, आणि बिदागी समोर बसलेल्यांकडून.” मुलगा इतका खूष झाला कीं मला आपली कामगिरी आठवून जीभ चावावी लागली.

“पण हें आपल्याकडे कशाला?” मीं सूर कडक केला. “मराठी माणसाला आकाशाचें वेड कोठें आहे?”

त्यानें दोन नांवें घेतलीं. पहिलें, जयंत नारळीकर. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला १९७४ सालीं ‘कृष्णविवर’ ही कथा आली. लेखक नारायण विनायक जगताप. तिला पहिलें बक्षीस मिळालें, आणि मग उलगडलें कीं जगताप म्हणजे आपलींच आद्याक्षरें उलटीं लावून आलेले प्रोफेसर नारळीकर. अक्षर ओळखूं येऊं नये म्हणून प्रत पत्नीकडून लिहविली होती. तेव्हां मी जुन्या अकरावीच्या उंबरठ्यावर होतों. असल्या गोष्टी वाचणें म्हणजे वेळ दवडणें, असें आमच्या वडिलांचें मत होतें व मीं तें वाद न घालतां स्वीकारलें. तेच नारळीकर २०२१ सालीं नाशिकच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २० मे २०२५ रोजीं ते गेले, त्या रात्रीं या मुलानें एक गाणें रचलें. तें त्यानें कोणाला ऐकविलेलें नाहीं. मलाही नाहीं.

दुसरें नांव केसरबाई केरकर. गोव्यांतील केरी गांवची ही बाई. १९७७ सालीं अमेरिकेनें ‘व्हॉयेजर’ नांवाचीं दोन यानें सोडलीं. प्रत्येकावर तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे. तींत पंचावन्न भाषांतील अभिवादनें आहेत, त्यांत मराठीही आहे. आणि हिंदुस्थानी संगीतांतून निवडलेली एकच चीज आहे, ती केसरबाईंनीं गाइलेली भैरवी, ‘जात कहां हो’. पहिलें व्हॉयेजर ५ सप्टेंबरास सुटलें; १६ सप्टेंबरास केसरबाई वारल्या. २०१२ सालीं तें यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर, ताऱ्यांमधल्या पोकळींत गेलें. “मैफिलीच्या शेवटीं म्हणायची भैरवी, काका, आणि ती सगळ्यांच्या पुढें गेली आहे,” मुलगा म्हणाला. मीं कांहीं बोललों नाहीं.

मग त्यानें आपलें गाणें ऐकविलें. कानांवर तीं टोपणें चढवून मी खाटेवर बसलों. प्रथम घंटेचा एक टोला. पंचवटींत नारोशंकराच्या देवळाची घंटा वसईच्या विजयाची खूण म्हणून बांधली, असें सांगतात; मुलानें नाशिकास जाऊन तिचा आवाज टिपला व त्या कमानीच्या प्रतिध्वनींत बसविला होता. घंटा गणितानें का होईना, वसईस परत आली होती. मग सतार, मग त्याचा आवाज, आणि आख्यान सुरू झालें तें ककुद्मी राजाचें.

भागवताच्या नवव्या स्कंधांतील ही कथा वाचकांस ठाऊक असेल. ककुद्मी आपल्या रेवती नांवाच्या मुलीसाठीं वर विचारावयास ब्रह्मलोकीं गेला. तेथें गंधर्वांचें गाणें चाललें होतें, म्हणून क्षणभर थांबला. गाणें संपल्यावर प्रश्न केला, तेव्हां ब्रह्मदेव हंसून म्हणाला कीं तूं मनांत धरलेले सर्व वर केव्हांच मेले; पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगें लोटलीं. मुलानें हिशेब करून आंकडा गाण्यांत घातला होता : अकरा कोटी सहासष्ट लक्ष चाळीस हजार वर्षें. मीं बोटांवर पडताळून पाहिला, बरोबर होता. राजा त्याच्या गाण्यांत यानांतून जातो आणि गंधर्व एका कृष्णविवराच्या कांठीं गातात, जेथें काळ मंदावतो.

“ही कथा तुला कोणीं सांगितली?”

“तुम्हींच. मी दहा वर्षांचा होतों. माडीवर.”

मला तें मुळींच आठवत नव्हतें. त्या उन्हाळ्यांतलें मला आठवत होतें तें निराळें. शब्दरूपावलीच्या वहींत त्यानें पानें भरभरून यानें काढलीं होतीं. मीं तीं पानें सर्वांसमक्ष फाडलीं आणि न्हाणीघराच्या बंबांत घातलीं. हें सांगण्यासाठीं मीं तोंड उघडलें, तों तोच म्हणाला, “बंबांत घातलींत त्याच दिवशीं संध्याकाळीं. मी रुसलों होतों, म्हणून सांगितलीत.”

त्यानंतर पैशांविषयीं बोललों, कारण दादा विचारणार. गेल्या महिन्यांत गाण्यांवर मिळाले नऊ हजार चारशें. भाडें आठ हजार. बाकीचें तो सायंकाळीं मुलांना संगणक शिकवून भागवितो. हें सुखाचें नाहीं, आणि तसें मीं त्याला स्पष्ट सांगितलें. आजारी पडलास तर काय, हा माझा प्रश्न. त्याला उत्तर त्याच्याजवळ नव्हतें व माझ्याजवळही नव्हतें. लग्नाचा विषय मीं काढला. तो म्हणाला, “राजाचें काय झालें तें पाहिलेंत ना? थांबलें तरी बलराम मिळाला.” यावर रागवावयास हवें होतें.

निघतांना त्यानें सुकेळ्यांचा पुडा दिला, दादांसाठीं. वसईचीं हीं वाळविलेलीं केळीं केळीच्याच सोपटांत बांधून मिळतात. फलाटावर मुंबईकडील गाडीची वाट पाहत असतां दादांचा फोन आला. “काय? येतो आहे ना?”

मीं म्हटलें, “आज नाहीं. त्यानें ककुद्मीचा कुकुद्मी केला आहे, तोही तीन ठिकाणीं. तें शुद्ध करून पुन्हां म्हणून घेतलें पाहिजे. मी येत्या गुरुवारीं परत वसईस जातों आहें.”

दादा बराच वेळ बोलले नाहींत. मग त्यांनीं विचारलें, “आणि सतार कोठें आहे?”